प्रतिवादी गैरहजर

पट्टेवाल्याने न्यायदालनाचं दार अर्धं उघडलं आणि रिकाम्या व्हरांड्याकडे तोंड करून पुकारा केला, "प्रतिवादी हान चोलगुक! हान चोलगुक हजर आहेत का?"

कुणी येणार नाही हे त्यालाही ठाऊक होतं. तरी सुनबोकची मान दाराकडे वळलीच. उत्तर कोरियातून पळून आल्यापासून अकरा वर्षांत हे नाव तिने कुणाच्या तोंडून मोठ्याने ऐकलं नव्हतं. आज सोलच्या कौटुंबिक न्यायालयात एक परका माणूस तिच्या नवऱ्याला शेजाऱ्यासारख्या हाका मारत होता.

"प्रतिवादी गैरहजर," पट्टेवाला म्हणाला आणि त्याने दार लावून घेतलं.

नोटीस रीतसर बजावली होती. म्हणजे न्यायालयाच्या फलकावर दोन महिने लावून ठेवली होती. ज्या मुलखात इथून साधं पत्र जात नाही, तिथल्या माणसाने सीमेवरच्या तारा ओलांडून सोलला यावं आणि ती वाचावी, अशी कायद्याची अपेक्षा. बरं, कायद्याच्या लेखी तो परदेशही नाही. आपलाच मुलूख, फक्त तिथे पोस्टमन जात नाही!

चूक सुनबोकचीच होती. इथे आल्यावर चौकशी अधिकाऱ्याने विचारलं, नवरा आहे? तिच्याबरोबर आलेल्या शहाण्या बायकांनी 'नाही' सांगितलं आणि मोकळ्या झाल्या. हिने नाव, गाव, लग्नाचं साल, सगळं खरं सांगितलं. नव्या कुटुंबनोंदीत ते पक्क्या शाईने उतरलं. आता ती ज्यांच्यासोबत राहत होती त्या बेंच्या हृदयाची पुढच्या महिनाअखेरीला शस्त्रक्रिया होती, आणि सात वर्षं त्यांच्या घरात राहूनही इस्पितळाच्या फॉर्मवर सही करायला सुनबोक त्यांची कुणी लागत नव्हती. आज निकाल लागला तरच तोवर दोघांच्या लग्नाची नोंद होणार होती. मागच्या बाकावर बे छातीवर हात ठेवून बसले होते. बस चालवून निवृत्त झालेला हा माणूस बसताना अजूनही उजवा पाय ब्रेकवर असल्यासारखा ताणून ठेवायचा.

न्यायाधीशांना सर्दी झाली होती. सकाळपासूनचं हे असलं सहावं प्रकरण. त्यांनी नाक पुसलं.

"पती हयात आहेत का, काही कळतं?"

शेजारी बसलेल्या जिन वकीलबाईंनी फाइलमधून डोकं वर काढलं नाही. त्यांनी कालच बजावलं होतं, 'फोनचं नाव काढायचं नाही. कागद आज इथे आहे, उद्या कुणाच्या हाती लागेल सांगता येत नाही. तुम्ही सुटाल, अडकेल तो.'

सुनबोकला उत्तर द्यायला वेळ लागला. इतका की न्यायाधीशांनी मान वर केली.

"नाही कळत, साहेब."

"ठीक आहे. घटस्फोट मंजूर. काही विचारायचंय?"

लोक सहसा काही विचारत नाहीत. सुनबोक उभी राहिली.

"हा निकाल त्यांना कळवणार का?"

"फलकावर लावू. दोन आठवड्यांनी त्यांना कळला असं धरतो."

"फलकावरच ना? तिकडे काही जाणार नाही?"

तिला भीती वाटते आहे, असं न्यायाधीशांना वाटलं. ते जरा मऊ आवाजात म्हणाले, "तिकडे काहीच जात नाही, बाई."

"मग बरं झालं," सुनबोक म्हणाली आणि खाली बसली.

व्हरांड्यात आल्यावर बेंना दम लागला. दोघं खिडकीजवळच्या बाकावर टेकली. जिंकल्यासारखं काही वाटत नव्हतं, नुसती दमणूक वाटत होती.

"त्याला कळू नये असं काय आहे त्यात?" बेंनी विचारलं. "कळलं तर तोही सुटेल बिचारा."

सुनबोक बराच वेळ हातातल्या कागदाची घडी घालत राहिली.

"अहो, मागच्या शरदात त्यांचा फोन आला होता. तुम्हाला बोलले नाही मी. डोंगरावर चढून, चोरट्या चिनी फोनवरून. चारच मिनिटं."

बेंनी ताणलेला पाय जवळ घेतला.

"म्हणाले, तू चीनच्या सीमेवर तुमेन नदीत बुडालीस असं सांगितलंय सगळ्यांना. पळाली म्हटलं असतं तर आपल्या पोरीचं लग्न मोडलं असतं, घर गेलं असतं. कागदोपत्री मेलेय मी तिकडे. पण ते नुसतं दाखवायला नाही करत हो. दर वर्षी तिसऱ्या महिन्याच्या नवमीला, मी निघाले त्या दिवशी, माझ्या नावाने पान वाढतात. वर्षभर मका खातात, आणि त्या दिवशी माझ्यासाठी पांढरा भात. कुठून आणतात कोण जाणे. मी म्हटलं, जिवंत आहे ना मी, कशाला वाढता? तर म्हणाले, सवय झाली."

तिने कागद पिशवीत कोंबला.

"सोडलेल्या बायकोला कोण पान वाढतं? तो भात बंद व्हायला नको होता मला. बस, एवढंच."

बेंनी खिडकीतून खालच्या रस्त्यावरच्या बसकडे बघितलं. मग ते खाकरले.

"माझ्या वारलेल्या पहिलीच्या पानाचं दर वर्षी तू रांधतेस. तुझं तो वाढतो. म्हणजे मी एकटाच बिनकामाचा."

"असं काय बोलता!"

"नवमी म्हणालीस ना? तिसऱ्या महिन्याची?"

"हो."

ते गुडघ्यावर हात देऊन सावकाश उठले आणि तिला उठायला त्यांनी हात पुढे केला.

"मग त्या दिवशी संध्याकाळी घरी भात लावू नकोस. तुझं जेवण तिकडे आहे."