कोपऱ्यातली साल

थोरलीने गांडूळखताच्या वाफ्यावरचं गोणपाट उचललं आणि तिचं डोकंच फिरलं. वाफ्याच्या त्याच कोपऱ्यात आजही कलिंगडाची साल पालथी पडली होती. खत विकून घरभर कौतुक करून घेणाऱ्या धाकट्या जावेला कचरा टाकायला दुसरी जागा सापडत नव्हती. थोरलीने साल बाजूला सारून हात घातला. खाली गांडुळांचा हा एवढा गुंता वळवळत होता. तिने दोन ओंजळी डब्यात भरल्या, साल होती तशी ठेवली आणि धाकटी परतायच्या आत भिंतीपलीकडचं आपलं घर गाठलं.

मागच्या दारी तिचा स्वतःचा वाफा होता. नवऱ्याला तिने कुंड्यांची माती म्हणून सांगितलं होतं. गांडुळं मागितली असती तर धाकटीने दिलीही असती. पण मग जन्मभर तिचे उपकार, आणि ते सासूबाईंच्या तोंडून ऐकायचे! सासूबाई धाकटीकडे राहत. आल्यागेल्याला खत तळहातावर घेऊन दाखवत, अगदी चहापूड वाटते की नाही, असं विचारत. थोरलीच्या पोटात दुखायचं ते तिथेच. इतकी वर्षं ती या माणसांसाठी राबली होती. तिच्या हातचं काही कुणी असं तळहातावर घेऊन मिरवलं नव्हतं. तिला एकच पोतं खत हवं होतं, पण सगळं आपलं स्वतःचं.

दुसऱ्या दिवशी रोपवाटिकेवाला खत न्यायला आला. धाकटीने भिंतीवरून हाक मारली, म्हणून थोरली तोंड वाकडं करत पोतं धरायला गेली. रोपवाटिकेवाल्याला आता स्वतःच खत करायचं होतं. त्याने थोडी गांडुळं मागितली. एवढ्या ढिगातून ती निवडायची कशी, तेही विचारलं.

"निवडायची कशाला?" धाकटी म्हणाली. "एका कोपऱ्यात कलिंगडाची साल पालथी ठेवायची. गारव्याला सगळी तिच्याखाली गोळा होतात. मी रोज ठेवते."

थोरलीच्या हातातलं पोत्याचं तोंड सुटलं. खत तिच्या पायांवर सांडलं.

"मग आजची द्या की मला," रोपवाटिकेवाला म्हणाला.

"इतक्यात नाही हो." धाकटीने सांडलेलं खत ओंजळीने पोत्यात भरलं. मान वर केली नाही. "आधी जाऊबाईंचा वाफा भरू दे."

रोपवाटिकेवाल्याने थोरलीकडे कौतुकाने बघितलं. तुमचंही खत घेईन म्हणाला. तिने कशीबशी मान हलवली.

घरी येऊन तिने आपल्या वाफ्यावरचं गोणपाट उचललं. खत छान तयार होत होतं, काळंभोर, अगदी चहापुडीसारखं. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. गांडुळं धाकटीची, गिऱ्हाईक धाकटीचं, सासूबाईही धाकटीच्याच. निदान चोरी तरी आपली स्वतःची आहे, असं ती आजवर धरून चालली होती.