साडूचा आकडा

शिडी एकच होती, आणि तिच्यावरून धाकटे जावई आधीच वर गेले होते.

सरकारी वनोद्यानातल्या विश्रामगृहाच्या छपरावर ते फीत टाकून मापं घेत होते. खाली थोरले जावई मान वर करून उभे होते. दोघं सख्खे साडू आणि दोघांचा धंदाही एकच, विजेच्या कामांचे ठेके घेण्याचा.

"दादा, या की वर! जागा भरपूर आहे," धाकट्यांनी हाक मारली.

"तुमचं होऊ द्या. मला कुठे घाई आहे?" थोरले म्हणाले. घाई होतीच.

वनखात्याला उद्यानातला विजेचा खर्च कमी करायचा होता. विश्रामगृह, पर्यटकांच्या कुट्या, संग्रहालय, पाण्याचे पंप, सगळीकडचं जुनं सामान बदलायचं आणि जमेल तिथे छपरावर सौर पॅनेल बसवायची. जो ठेकेदार जास्त बचतीची हमी देईल त्याला काम. हमी पुरी झाली नाही, तर तूट त्याने स्वतःच्या खिशातून भरायची. आणि झाडाची एक फांदीही तोडायची नाही.

धाकट्यांना या धंद्यात थोरल्यांनीच आणलं होतं. तारा कशा ओढायच्या, साहेबांशी कसं बोलायचं, सगळं शिकवलं. आता गावातली मोठी कामं धाकट्यांकडे जात होती. त्याचंही एक वेळ चाललं असतं. पण सासूबाईंच्या बैठकीतला थोरल्यांनी बसवलेला पंखा एक दिवस अडगळीच्या खोलीत गेला आणि त्या जागी धाकट्यांनी आणलेला आला.

"आवाज म्हणून नाही हो याला," सासूबाई येईल त्याला सांगत.

तेव्हापासून त्या बैठकीत बसलं की थोरल्यांना घाम फुटायचा. पंखा फिरत असला तरी.

रविवारी सगळे सासूबाईंकडे जेवायला जमले. धाकट्यांनी पानावरून मान वर न करता विचारलं, "दादा, किती टक्के बचत धरताय?"

"अजून हिशेबच मांडला नाही. तुम्ही?"

"आमचंही तसंच."

घरी आल्यावर थोरल्यांनी चप्पल काढता काढता बायकोला सहज सांगावं तसं सांगितलं, "तीस टक्के भरतोय मी. कुठे बोलू नकोस."

"बरं," बायको म्हणाली.

नको म्हटलेलं बहिणीच्या कानावर आधी जातं, हे त्यांना अनुभवाने माहीत होतं. ती गॅलरीत फोन घेऊन बराच वेळ बोलत बसली, तेव्हा ते मनातल्या मनात हसले. दुसऱ्या दिवशी तिने आपणहून बातमी दिली, "ते पस्तीस भरणार आहेत म्हणे."

पस्तीस कळवतोय, म्हणजे पंचेचाळीस भरणार, थोरल्यांनी ताडलं. मग आपण पन्नास. छपरांवर दिवसभर गर्द सावली असते हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. पण साडूच्या नाकावर टिच्चून काम मिळवायचं, तर सावलीबिवली बघून कसं चालेल?

"आम्ही दोघी आईला घेऊन चार दिवस जाऊन येतोय," बायको म्हणाली. "तिला जरा हवापालट."

"कुठे?"

"वनोद्यानात. कुट्या स्वस्त आहेत तिथल्या."

थोरल्यांच्या कपाळावर आठी पडली. मेहुणी शिकलेली, इंजिनिअर; नवऱ्याच्या प्रत्येक कामावर जातीने उभी राहणारी. आपलं ऑफिस बायकोच्याच हातात, बिलं काय, अंदाजपत्रकं काय. ती गप्पांच्या ओघात काय बोलून बसेल, नेम नव्हता.

"धाकटीसमोर तोंड सांभाळून," त्यांनी बजावलं.

"माझं तोंड मला सांभाळता येतं."

बायको परत आली ती रापलेला चेहरा आणि ओरखडलेले हात घेऊन. "झुडपात गेले होते," म्हणाली आणि थेट आंघोळीला गेली. धाकटीने काय काय विचारलं, हे थोरल्यांनी तीन तऱ्हांनी विचारून पाहिलं. काही हाती लागलं नाही. धाकट्यांचं आयुष्य किती सुरळीत, त्यांची बायको त्यांना सगळं आणून सांगत असणार, या विचाराने त्यांना जेवण गेलं नाही.

निविदा उघडायच्या दिवशी दोघं साडू पहिल्याच रांगेत बसले होते, मध्ये एक खुर्ची सोडून. वनअधिकारी बाईंनी पहिला लिफाफा फोडला. "बचत, पन्नास टक्के."

थोरल्यांनी तिरप्या नजरेने शेजारी पाहिलं. धाकटे शांत होते.

दुसरा लिफाफा. "पंचावन्न."

थोरल्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. शिष्याने गुरूवर पुन्हा कडी केली होती.

"या दोन्ही निविदा बाद," बाई म्हणाल्या.

"का?" दोघांनी एका सुरात विचारलं.

"एवढ्या दाट झाडीत एवढी बचत करायची, तर आम्हाला उद्यानच बंद ठेवावं लागेल."

सभागृहात हशा पिकला. थोरल्यांना मात्र अपमान जाणवलाच नाही. आपल्याला नाही तर नाही, पण यालाही नाही! पोटात बर्फ ठेवल्यासारखं गार वाटलं. धाकट्यांकडे पाहिलं, तर त्यांच्याही चेहऱ्यावर तोच निवांतपणा. कित्येक वर्षांत पहिल्यांदा दोघं साडू एकमेकांकडे बघून मनापासून हसले.

"चहा घेऊ या का, दादा?"

"चला की."

बाईंनी तिसरा लिफाफा उचलला. "ही नवी भागीदारी आहे. बचत बत्तीस टक्के. प्रत्येक छपरावर किती वाजता कुठवर सावली येते, तेही मोजलंय त्यांनी. काम यांना. भागीदार आलेत का?"

"आलोय," मागून उत्तर आलं.

उठू पाहणारे दोघं साडू अर्धवट उठूनच थांबले आणि मागे वळले. शेवटच्या रांगेत त्यांच्या बायका उभ्या होत्या.