ओल्या रंगाची लेव्हल

लेव्हल काढून टाकायला मेहुलने बोट उचललं, तेव्हा रिद्धीने त्याचं मनगटच धरलं.

"शेवटचं एकदा कोणाला तरी खेळू दे."

"पालघरची सगळी पोरं खेळून झाली, रिद्धी. एकालाही जमलेलं नाही. आज दुपारी गेम स्पर्धेला पाठवायचाय आपल्याला."

खोटं नव्हतं ते. त्यांच्या गेममध्ये जमिनीला रंग फासला की जमिनीचा स्वभाव बदलायचा. निळ्यावर बाहुला उंच उडायचा, हिरव्यावर चिकटून बसायचा, आणि सगळं कसं झटक्यात. रिद्धीच्या या लेव्हलमधला तांबडा रंग तेवढा वेगळा होता. ओला असला की त्यावरून पाय सटकायचा, वाळला की तोच घट्ट धरून ठेवायचा. गुळगुळीत चढाला तांबडा फासायचा, वाळू द्यायचा, मग चढून दार गाठायचं. एवढंच तर होतं. पण पोरं रंग फासायची आणि लगेच धावायची, घसरून खड्ड्यात जायची, परत फासायची, परत धावायची. शेवटी शिव्या घालून उठायची.

"गेममध्ये कोणी थांबत नसतं," मेहुल म्हणाला. महिनाभर तो हेच म्हणत होता. रिद्धीच्या बाकीच्या लेव्हली त्याने एकेक करून बदलून टाकल्या होत्या. तिची म्हणावी अशी ही एकच उरली होती. हीसुद्धा गेली तर या गेमवर आपलं नाव तरी कशाला हवं, असं वाटून तिचा जीव जळत होता.

"ठीक आहे," तो म्हणाला. "पण ज्याने गेम कधी बघितलेला नाही असा माणूस आण. आणि तू चकार शब्द काढायचा नाहीस."

वाणगावच्या या टोकाला भर सकाळी असा माणूस कुठून आणायचा? रिद्धीने दाराबाहेर पाहिलं. आई अंगण सारवून नुकतीच ओटीवर आली होती. दुसऱ्यांदा सारवून, कारण सकाळी मेहुल घाईघाईत बुटांसकट ओल्या अंगणातून सरळ चालत आला होता.

"आई, हात धू आणि जरा इकडे ये."

मेहुलला हसू आलं. "बरं. काकू तर काकू."

आई पदराला हात पुसत आली आणि लॅपटॉपसमोर अंग चोरून बसली. मेहुलने तिला बाण दाखवले, रंग मारायचं बटण दाखवलं. "या बाहुल्याला त्या वरच्या दारात न्यायचं, काकू."

"काय मोडलं-बिडलं तर मला बोलायचं नाय हां."

आधी तिने बाहुल्याला तसाच चढावर घातला. तो घरंगळत खाली आला. मग तिने रंग मारायला घेतला. वरून खाली, सावकाश, कुठे फट राहू न देता. चढ तांबडा झाला, ओल्या रंगाने चकाकायला लागला. आता धावू नको, एवढंच रिद्धी मनात घोकत होती.

आईने हात काढून मांडीवर ठेवले. घटकाभर पडद्याकडे बघत बसली. मग उठली आणि बाहेर निघून गेली.

"कंटाळल्या," मेहुल म्हणाला आणि त्याने लॅपटॉप स्वतःकडे ओढला.

"ती सोडते म्हणाली का? खेळणारा सोडतो म्हणेपर्यंत मध्ये हात घालायचा नाही, तुझाच नियम."

"म्हणायला त्या आहेत कुठे इथे? याला थांबणं नाही म्हणत, रिद्धी. उठून जाणं म्हणतात."

रिद्धीने दाराकडे पाहिलं. खरंच कंटाळली असेल तर? बाहेर ओटीवरून आई कोंबड्यांना हुसकावत होती. एक हाक मारली असती तर आली असती; पण हाक मारणं म्हणजे सांगणंच झालं असतं. रिद्धीने ओढणीचं टोक दातांत धरलं. पडद्यावरची चकाकी हळूहळू उतरत होती.

"बास. काढतोय मी."

"हात लावून तर बघ," रिद्धी म्हणाली. आपला आवाज तिला स्वतःलाच अनोळखी वाटला. मेहुलचं बोट बटणावरच राहिलं.

तेवढ्यात आई आत आली. वाकून, डोळे बारीक करून तिने पडदा निरखला. चकाकी पार गेली होती, चढ विटेसारखा कोरडा दिसत होता. ती बसली आणि एका बोटाने बाण दाबला. बाहुला एकेक पाऊल टाकत वर चढला. कुठेही घसरला नाही. दार उघडलं.

"आता कुठं न्यायचा ह्याला?" आईने विचारलं.

रिद्धीच्या डोळ्यांत पाणी आलं. मेहुलचा चेहरा मात्र उतरला होता. "तू आधीच सांगून ठेवलं होतंस."

"आईशप्पथ नाही."

"काकू, तुम्ही खरं सांगा. थांब म्हणून हिने सांगितलं होतं ना?"

"त्यात सांगायचं काय? ओल्यावर लगेच पाय कोण देतो?" आई म्हणाली. मग त्याच्याकडे बघून जरा मायेनेच म्हणाली, "तू दिलास सकाळी. पण तुला घाई असंल."

मेहुलने लॅपटॉप मिटला, सॅकमध्ये भरला, हेल्मेट उचललं.

"ठेवतोयस का लेव्हल?" रिद्धीने विचारलं.

ओटीवर जाऊन त्याने बूट चढवले, पायरीवर एक पाय टाकला आणि तिथेच थबकला. समोर अंगण उन्हात चकाकत होतं. त्याची बाईक पलीकडे रस्त्यावर उभी होती.

"काकू," त्याने मागे न बघता विचारलं, "वाळलं का हे?"

"नाय अजून. बस जरा."

हेल्मेट मांडीवर घेऊन तो पायरीवर बसला.