डावीकडची फळी

फळी आजही बाहेर आली होती. बोटभरच, पण डावीकडून. त्सायनं ती आत ढकलली आणि आजूबाजूला पाहिलं. दुपारची झोप आटोपून विभागातली माणसं डोळे चोळत उठत होती. एकूण एक चेहरा निष्पाप. त्सायला निष्पाप चेहऱ्यांचाच जास्त संशय यायचा.

तैवानमधल्या शिनचू शहरातल्या त्या कंपनीचा सगळा जीव सध्या या एका नमुन्यात अडकला होता. लॅपटॉपच्या पोटातून एक पातळ फळी सरकून बाहेर यायची, तिच्यावर माउस फिरवायचा. आगगाडीत, विमानात, कुठेही बसा, टेबल शोधायला नको. फळी दोन्ही बाजूंनी निघायची. जूनमध्ये तैपेईच्या प्रदर्शनात ती जगाला दिसणार होती. गेल्या वर्षी अशीच एक कल्पना आधीच फुटली आणि भलत्याच कंपनीनं ती बाजारात आणली. म्हणून मोठ्या साहेबांनी विभागप्रमुख त्सायला बोलावून घेतलं होतं.

"नमुन्याला कोण हात लावतंय, त्याचं नाव मला शनिवारपर्यंत पाहिजे," ते म्हणाले होते. "नाव नसेल, तर तुझा राजीनामा आण. तोही चालेल."

त्साय कामाला लागला. काम म्हणजे संशय घेणं, आणि त्यात तो तयारीचा होता. जेवणाचे डबे संपले की साडेबाराला दिवे बंद होत. वीज वाचवायची म्हणून टेबलांवरचे संगणकही बंद होत, आणि सगळा विभाग छोट्या उशा काढून चाळीस मिनिटं टेबलावरच झोपे. त्या वेळात बॅटरीवर चालेल अशी वस्तू एकच, तो नमुना. त्याची बॅटरी दुपारनंतर रोज उतरलेली असायची. म्हणजे चोर दुपारचा होता. फळी डावीकडून ओढतो, म्हणजे डावखुरा होता. पण विभागात डावखुरं कोणीच नव्हतं. त्यांच्या वेळच्या शाळेत मास्तरांनी पट्ट्या मारमारून सगळ्यांची ती खोड मोडली होती.

मग त्याची नजर हुंग काकांवर गेली. फळीचा मूळ आराखडा त्यांचाच. पाच महिन्यांनी त्यांची नोकरीची पंचवीस वर्षं भरणार, की निवृत्तीवेतन लागू. त्याआधी नोकरी सुटली तर म्हातारपणी पदरात काही नाही. अशा घायकुतीला आलेल्या माणसाला फितवायला कितीसा वेळ? नववर्षाच्या सुट्टीनंतर ते दहा दिवस जास्तच घरी राहिले होते. मान आखडली, म्हणे. आल्यापासून उजवा हात कायम खिशात. जेवणाच्या काड्या सोडून चमच्यानं खायचे, आणि त्यांचा डबा शेजारची पेई-चेन न सांगता उघडून द्यायची. त्यांच्या नावच्या आराखड्यांवर दर वेळी वेगळ्याच कुणाच्या तरी हाताची ढब. आणि त्साय जवळ गेला की सगळ्यांचं बोलणं बंद.

"कसल्या गप्पा चालल्यात?" त्यानं एकदा विचारलं.

"हवेच्या, साहेब," पेई-चेन म्हणाली. "किती वारा सुटलाय बघा ना."

शिनचूत वारा कधी सुटलेला नसतो? त्सायच्या मनात पाल चुकचुकली. इथे चोर एकटा नव्हता, टोळी होती.

शुक्रवारी दिवे बंद झाले तसा त्यानं उशीवर गाल टेकला आणि एक डोळा किलकिला ठेवला. लवकरच इकडून तिकडून घोरणं ऐकू यायला लागलं. पाच मिनिटांनी हुंग काका उठले. नुसत्या मोज्यांवर, आवाज न करता नमुन्यापाशी गेले. झाकण उघडलं. फळी ओढली, डावीकडून. सापडला!  मोठ्या साहेबांना कोणत्या शब्दांत सांगायचं, तेही त्सायनं ठरवून टाकलं.

मग हुंग काकांनी डाव्या हातानं खिशातला उजवा हात बाहेर काढला आणि उचलून टेबलावर ठेवला, भाजीची पिशवी ठेवावी तसा. त्याची बोटं मिटलेली होती. ती उघडली नाहीत. पडद्याच्या उजेडात ते डाव्या हातानं माउस धरून एक सरळ रेघ ओढू लागले. रेघ थरथरली. त्यांनी ती पुसली. पुन्हा ओढली. पुन्हा पुसली.

मान आखडली नव्हती. अर्धांगाच्या झटक्यात उजवा हात गेला होता.

त्सायला एकदम भरून आलं. स्वतःची लाजही वाटली. पण उद्या शनिवार होता आणि नाव हाताशी आलं होतं. खरं काय ते सांगितलं, तरी रेघ न ओढता येणाऱ्या माणसाला कंपनी पाच महिने पोसणार नव्हती. नाही सांगितलं, तर त्याची स्वतःची नोकरी जात होती. तो उठला. खुर्ची करकरली.

हुंग काकांचा हात माउसवरच थिजला. आणि घोरणं थांबलं. सगळ्या विभागाचं, एकदम.

त्सायनं वळून पाहिलं. अंधारात तीस डोकी उशांवर टेकलेली होती आणि तीसही जणांचे डोळे उघडे होते. हुंग काकांकडे कोणीच बघत नव्हतं. सगळे त्याच्याकडे बघत होते.

"साहेब, झोपा ना," पेई-चेन उशीवरचा गाल न उचलता हळूच म्हणाली. "आम्ही रोज असेच झोपतो."

 त्साय परत बसला, उशीवर डोकं ठेवलं, डोळे घट्ट मिटले आणि मोठमोठ्यानं घोरायला लागला.