माणूस ओळखणारा एसी

खोलीत माणूस असेल तरच चालणारा एसी मेकॅनिकने मोठ्या हौसेने स्वतःच्या घरी बसवला होता. पण अलीकडे बायको एकटी पलंगावर पडली असली की एसी बंद व्हायचा. मेकॅनिक आत आला की मुकाट्याने सुरू.

“मला खिजगणतीतच धरत नाही तो,” बायको हसून म्हणाली.

त्याने सेन्सर बदलला. बोर्ड काढून दुकानात नेला. जळून कोळसा झालेले बोर्डही तो दुरुस्त करत असे. हा तर ठणठणीत होता. दुकानात आलेलं प्रत्येक गिऱ्हाईक बोर्डाने बरोबर ओळखलं.

दुपारी बोर्ड जागेवर बसवून तो बायकोशेजारी टेकला. एसी सुरू झाला आणि त्याच्या जिवात जीव आला. थोड्या वेळाने एसी बंद पडला. त्याने हात हलवले, उठून येरझाऱ्या घातल्या. एसीची झडप मिटलेलीच राहिली.

बायको आता हसत नव्हती. “तुम्हीसुद्धा?” तिने विचारलं.

बाहेर लेकीच्या चपला वाजल्या.

“तिला आत येऊ देऊ नका,” बायको कुजबुजली.

तो दाराकडे धावला. पण लेक तोवर घाम पुसत एसीखाली येऊन उभीही राहिली होती.

“बाबा, हा अजून बंदच कसा?”