बाईंचा शेरा

"बाई, आधी खा. मग बोला," म्हणत बेकरीवाल्याने बशी पुढे सरकवली.

बशीत एकच मॅकरॉन. बदामाच्या पिठाच्या दोन गुलाबी टोप्या, मधे क्रीम. दुकान उघडायला अजून तास होता, आणि त्याआधीच मोठ्या हॉटेलचा मालक ही नवी चव बघायला येणार होता. त्याला आवडली तर दुकान तरलं. नाहीतर शटर कायमचं खाली.

बेकरीवाल्याच्या तोंडाची चव दोन वर्षांपूर्वी एका तापात रुसून गेली, ती परतलीच नाही. साखर काय नि मीठ काय, त्याला सगळं सारखंच. हे त्याने बायकोलाही सांगितलं नव्हतं. निभावलं ते या बाईंमुळे. शेवटच्या बाकावरच्या पोराचं नुसतं तोंड बघून गृहपाठ झालाय की नाही ते ओळखणाऱ्या त्याच्या शाळेतल्या बाई! निवृत्त झाल्यापासून रोज सकाळी खिडकीतल्या खुर्चीत, रांगेतच उभ्याने चव घेणाऱ्या गिऱ्हाइकांकडे तोंड करून बसत. मॅकरॉन रोज एकच, पण एक दिवसही चुकला नाही. "तो दाताखाली कुर्रकन मोडला ना, की माझा दिवस सुरू होतो," म्हणत. पुरवून पुरवून खात आणि उठताना शेरा देत. "लिंबू जास्त झालंय." "आज शंभरपैकी शंभर." त्याबरहुकूम तो हात सुधारी, आणि रांग वाढत जाई.

आज मात्र बाई मॅकरॉन नुसता बोटांत फिरवत बसल्या.

"दोनचार माणसं येऊ देत की."

"माणसं कशाला, बाई?"

"एकटीनं खाणं बरं दिसतं का?"

"वेळ नाही हो!"

बाईंनी चावा घेतला. कुर्र झालं. त्यांनी रिकाम्या दुकानावरून नजर फिरवली आणि ती त्याच्यावर आणून ठेवली.

"तू खा बघू एक. इथे, माझ्यासमोर."

त्याने खाल्ला. चेहरा कोऱ्या पाटीसारखा.

"अरे, काहीतरी दिसू दे तोंडावर!"

तेवढ्यात बाहेर गाडी थांबली. बेकरीवाल्याचा धीरच सुटला.

"बाई, मला चवच कळत नाही हो. दोन वर्षं झाली. तुमच्या जिभेवर चाललंय हे दुकान!"

बाईंनी उरलेला अर्धा मॅकरॉन हळूच बशीत ठेवला. पदर सावरला. खुर्ची दाराकडे वळवून घेतली.

"त्या मालकाला इथे माझ्यासमोर बसव, गाढवा. माझी चव जाऊन सहा वर्षं झाली. मी शेरा देते तो रांगेतल्यांची तोंडं बघून!"