दोन थापा

लाल पिकअपच्या क्लचपर्यंत सुनेचा पाय पुरत नव्हता, आणि हे ती जीव गेला तरी सांगणार नव्हती.

सीट पुढे सरकत नव्हती. कधीकाळी गंजून जागीच रुतली होती. म्हणून सूनच पुढे सरकली. परक्या घरी खुर्चीच्या कडेवर बसतात तशी टेकली, टाच उचलली, चवड्यानं क्लच दाबला आणि हसून म्हणाली, "छान आहे की, बाबा."

बाबा म्हणजे तिचे सासरे. बाहेरचे लोक त्यांना थापाडेबुवा म्हणत. रोपवाटिकेची गाडी त्यांनी जन्मभर हाकली, आणि जेवढी झाडं वाहिली त्याहून जास्त थापा वाहिल्या. आता डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्यांच्या हातून स्टिअरिंग सोडवलं होतं. मुलाच्या हाती द्यावं, तर मुलगा गाडी चालवत नसे, गाडीच मुलाला चालवायची, आणि दोघं मिळून थेट कुंपणात शिरायची. राहता राहिली सून. तिनं गुपचूप शिकून लायसन आणलं. ते दाखवलं तेव्हा बुवा नुसतं "बरं" म्हणाले होते. एरवी एका शब्दाची जागा असेल तिथे शंभर घालणारा माणूस. त्या "बरं"चा अर्थ तिला अजून लागला नव्हता.

म्हणूनच लाल गाडीला ती नाही म्हणणार नव्हती. जुन्या गाड्यांच्या त्या आवारात शिरल्याशिरल्या बुवा थेट लालकडे गेले होते. मागच्या, माल ठेवायच्या हौद्यात चढून फळ्या ठोकून पाहिल्या, बॉनेटवर कान टेकून इंजिन ऐकलं आणि नातवंडाच्या पाठीवरून फिरवावा तसा तिच्यावरून हात फिरवला. लांबलचक हौदा, नवे टायर, धूर नावालाही नाही. शेजारी करडी उभी होती. बुटकी, आखूड हौद्याची, दाराला पोचा आलेली. तिच्याकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

आता बुवा खिडकीशी आले. वाकून सुनेच्या टाचेकडे बघत राहिले. अधू डोळ्यांना दिसायचं तेवढं दिसलं.

"उतर," ते म्हणाले.

ती उतरली.

बुवा गाड्या विकणाऱ्याकडे वळले. "या गाडीला खोकला आहे."

"खोकला? काका, अख्ख्या आवारात ठणठणीत गाडी कुठली असेल तर ती हीच."

"कोरडा खोकला. ऐकू येत नाही, तोच वाईट. माझ्या एका गाडीला होता. शेवटी शेवटी तिला चढाआधी मध चाटवावा लागायचा."

"काहीतरीच."

"शिवाय ही पळेल फार. त्या मधवालीला एकदा उतारावर अशी सोडली, की सावली मागे राहिली. दुसऱ्या दिवशी आली बिचारी, धापा टाकत. आता या वयात सावलीची वाट बघत बसू का मी? ती करडी दाखव."

विकणाऱ्यानं कपाळाला हात लावला. "तिचा हौदा आखूड आहे, काका. तुमच्या कुंड्या मावायच्या नाहीत. जिथे एक फेरी, तिथे दोन पडतील. तुमच्या भल्याचं सांगतोय." धंद्यात पडल्यापासून पहिल्यांदाच तो गिऱ्हाइकाशी धडधडीत खरं बोलत होता, आणि गिऱ्हाईक विश्वास ठेवायला तयार नव्हतं.

"पडू देत. झाडांना तेवढंच फिरणं."

"बाबा," सून हळूच म्हणाली, "लाल आवडलीय तुम्हाला."

"आवडेल ते सगळं घरी आणत गेलो असतो, तर तुझ्या सासूनं मला उंबऱ्याच्या आत घेतलं असतं का?"

"मी पाठीला उशी घेईन." तोंडून निसटलंच तिच्या.

"उशी झोपायला असते." बुवांनी आवाज खाली आणला. "आणि माझा गुडघा दुखतो. लाल उंच आहे. मला चढवत नाही."

घटकेपूर्वी हेच गृहस्थ कशालाही न धरता लाल गाडीच्या हौद्यात चढले होते. विकणाऱ्यानं पाहिलं होतं, सुनेनंही.

व्यवहार ठरला. करडीची सीट एका झटक्यात पुढे आली. सुनेची पाठ सीटला टेकली, टाच जमिनीला टेकली, आणि क्लच थेट तळाला गेला.

"बाबा..." तिनं सुरुवात केली.

"आधी आरसे लावून घे. तुझ्या मापाचे."

तिनं लावले. तिला वाटलं, आता ते शेजारी येऊन बसतील. ते मागे निघाले.

"पुढे बसा ना."

"नको. पुढे बसलो की माझा पाय ब्रेक शोधत राहणार." त्या दिवसात एवढं एकच ते खरं बोलले असतील.

फाटक अरुंद होतं, गाडी मागे घेतच बाहेर काढायची होती. जन्मभर कोणी ना कोणी मागे उभं राहून बुवांना वाट दाखवत आलं होतं. आज ते स्वतः उभे राहिले, हात हलवत. "येऊ दे... येऊ दे... डावीकडे घे थोडी..."

डावीकडे खांब होता. बुवांना तो दिसत नव्हता. सुनेला आरशात लख्ख दिसत होता.

"घेतली, बाबा," म्हणत तिनं गाडी सरळ बाहेर आणली.

"बघितलंस, कशी काढली," बुवा विकणाऱ्याला म्हणाले. कोणी काढली, ते सांगितलं नाही.

मग ते हौद्यात चढले, केबिनला पाठ लावून बसले आणि पत्र्यावर दोन थापा मारल्या. एक म्हणजे थांब. दोन म्हणजे जाऊ दे.

सुनेनं क्लच इतका हळू सोडला, की मागे बसलेल्या माणसाच्या पोटातलं पाणीसुद्धा हललं नाही.